धीर कोणी धरावा? : छत्तीसगढातील एका नावाचा इतिहास

१

सामाजिक सुधारणेच्या इतिहासात ‘जरा धीर धरा’ या उपदेशाइतका जुना आणि सर्वमान्य उपदेश दुसरा सापडणे कठीण आहे. तो सदैव दुष्ट हेतूनेच केला गेला, असे म्हणता येत नाही. समाजाचे मन सावकाश पालटते, कायदा एका दिवसात होतो पण रूढी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे अनुभवाचे सत्य आहे. आणि ते सांगणाऱ्यांत न्यायमूर्ती रानड्यांसारखे विवेकी पुरुषही होते. परंतु कोणताही उपदेश पारखताना तो कोण करतो आणि कोणास करतो, हे पाहावे लागते. अपमान करणाऱ्याने अपमानिताला शिकवलेला धीर आणि अपमानिताने आपले कार्य तडीस नेईपर्यंत स्वतः होऊन धरलेला धीर, या दोहोंना मराठीत शब्द एकच आहे. वस्तू मात्र दोन आहेत. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे आपल्याकडील सुधारणेच्या चर्चेत केवढा घोटाळा झाला आहे, हे एखाद्या प्रदेशाचा इतिहास जवळून पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. त्या दृष्टीने छत्तीसगढचा इतिहास विशेष बोधप्रद आहे.

दुर्ग जिल्ह्यातील कोहका हे नाव मराठी वाचकाच्या फारसे परिचयाचे नसेल. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती जे शहर वाढले, त्याच्या पोटात सुपेल्याजवळचे हे गाव सामावले गेले. अशा गावांतून मूळचा छत्तीसगढी शेतकरी, सतनामी पंथाचा कष्टकरी आणि कारखान्याच्या ओढीने देशाच्या चारी दिशांनी आलेला परप्रांतीय, त्यांत मराठी माणूसही आला, असे सारे एकमेकांच्या शेजारी येऊन राहिले. हा प्रदेश मराठी माणसाला सर्वस्वी परका म्हणता येत नाही. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी रतनपुरावर झाली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथून राज्य केले. आणि मधली इंग्रजी देखरेखीची १८१८ ते १८३० ही वर्षे वगळता १८५४ पर्यंत तेथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढेही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत या मुलखाचा कारभार नागपुराहूनच चाले. तेव्हा छत्तीसगढात माणसाला माणसाने कोणत्या नावाने हाक मारली, या प्रश्नाचा जाब काही अंशी मराठी इतिहासालाही द्यावा लागतो.

२

गुरू घासीदासांचा जन्म परंपरेनुसार १८ डिसेंबर १७५६ रोजी गिरौदपुरी येथे झाला. कातडे कमावण्याच्या धंद्यावरून जिची अस्पृश्यांत गणना होई, पण जिच्यातील बहुसंख्य लोक छत्तीसगढात शेती व शेतमजुरी करीत, अशा जातीत ते जन्मले. या जातीचे जुने नाव गावोगाव शिवीसारखे उच्चारले जात असे. ते येथे पुन्हा लिहिण्याचे प्रयोजन नाही. १८२० नंतरच्या दशकात घासीदासांच्या उपदेशाला पंथाचे रूप आले. निराकार सतनामाची उपासना करावी, मूर्ती पुजू नयेत, मांस, मद्य व तंबाखू वर्ज्य करावी, गाईला नांगरास जुंपू नये, दुपार टळल्यावर नांगर धरू नये, आणि माणसामाणसांत उच्चनीच मानू नये, असा त्या उपदेशाचा आशय आहे. यांतील नांगराविषयीचा नियम वरवर पाहता किरकोळ वाटेल; परंतु जो दुसऱ्याच्या शेतात राबतो त्याने आपल्या व बैलाच्या विश्रांतीचा हक्क धर्माज्ञा म्हणून सांगावा, यात केवढा स्वाभिमान भरला आहे! पांढऱ्या ध्वजाचा पांढरा जैतखांब ही या पंथाची खूण छत्तीसगढच्या गावोगावी उभी राहिली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. अस्पृश्यांनी आधी आपला आचार शुद्ध करावा, मृत मांस व मद्य सोडावे, म्हणजे समाज त्यांना क्रमाक्रमाने जवळ करील, असा युक्तिवाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक सद्‌हेतू सुधारकांनी केला. सतनाम्यांनी हा सारा आचार त्यापूर्वी शंभर वर्षे कोणीही न सांगता पत्करला होता. त्याचे फळ काय मिळाले? घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी जानवे धारण केले. ही गोष्ट सवर्णांना असह्य झाली आणि १८६० च्या सुमारास प्रवासातील मुक्कामी रात्रीच्या वेळी त्यांचा वध करण्यात आला. आचार सुधारेपर्यंत धीर धरा, असे सांगणारा समाज आचार सुधारल्यावर शस्त्र उगारतो, तेव्हा आचाराचा मुद्दा ही सबब होती हे उघड होते. आडकाठी आचाराला नव्हतीच. ती दर्जाला होती.

३

इंग्रजी अमलात या जुन्या तुच्छतेला एक नवे पांडित्य लाभले. हर्बर्ट रिस्ली यांच्या देखरेखीखाली १९०१ ची शिरगणती झाली. नाकाच्या रुंदीवरून वंश ठरवावा आणि वंशावरून जातीची प्रतिष्ठा उकलावी, असा त्यांचा सिद्धान्त होता. नाक जितके रुंद तितकी जात हलकी, असा त्याचा थोडक्यात मथितार्थ. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील माहितीचे मोल आजही मोठे आहे. परंतु एखाद्या जातीचा स्वभाव हा जणू तिच्या रक्ताचाच गुण आहे अशा थाटाची विधाने त्यात ठिकठिकाणी आढळतात. गावच्या पारावर जी निंदा तोंडी होती, ती आता छापील ग्रंथात शास्त्राच्या आविर्भावाने येऊन बसली.

या वंशशास्त्राला उत्तर देण्यात दोन मराठी विद्वानांचा वाटा मोठा आहे, याचे स्मरण आपल्याकडे व्हावे तितके होत नाही. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जातिविषयक ग्रंथात रिस्ली यांच्याच पद्धतीची मोजमापे तपासली आणि हा मेळ देशभर बसत नसल्याचे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात हीच सामग्री हाती घेतली आणि तिच्या आधारे उलट प्रश्न केला : एकाच प्रांतातील ब्राह्मण व अस्पृश्य यांची मापे जर जुळतात, तर अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात कसा शोधता येईल? १९३६ च्या जातिनिर्मूलनविषयक निबंधातही जातिव्यवस्था म्हणजे वंशांची विभागणी नव्हे, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले होते. याचा अर्थ जातीचा अपमान वंशाच्या अपमानाहून सौम्य आहे, असा मात्र नव्हे. दोहोंचे मूळ निराळे असले तरी व्यवहार एकाच जातीचा : जन्मावरून माणसाची पारख करायची, आणि ती पारख त्याच्या नावाला कायमची चिकटवून द्यायची. २००१ साली डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तेथे यावा की न यावा यावर मोठा वाद झाला आणि भारत सरकारने तो येऊ नये अशी भूमिका घेतली. व्याख्येच्या दृष्टीने त्या भूमिकेला काही आधार असेलही. पण अपमानाच्या अनुभवाची सीमा व्याख्येच्या सीमेशी जुळतेच असे नाही.

४

वंशाचा अपमान आणि जातीचा अपमान यांतील हे नाते मराठी मनाला फार पूर्वी जाणवले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. अमेरिकेतील दास्य कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे लोटली होती. पुण्यातील एका माळ्याच्या मुलाने साता समुद्रापलीकडील मुक्तीकडे पाहावे आणि तिच्या उजेडात आपल्या घरचा अंधार मोजावा, ही घटना आपल्या वाङ्‌मयेतिहासात अपूर्व आहे.

रानड्यांनी तीच दिशा निराळ्या प्रसंगाने दाखवली. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांची चाललेली विटंबना गांधींच्या प्रयत्नाने नुकती कोठे हिंदुस्थानात कळू लागली होती. सर्वत्र संताप उसळला होता. अशा वेळी मुंबईतील हिंदू युनियन क्लबपुढे बोलताना रानड्यांनी प्रथम त्या विटंबनेचे वर्णन केले, आणि मग श्रोत्यांचे तोंड आतल्या बाजूस वळवले. आपल्याच देशात ज्यांना आपण जवळ उभे करीत नाही त्यांची स्थिती पाहिली, तर आफ्रिकेतील गोऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९०३ साली धारवाड येथील सामाजिक परिषदेत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी हा प्रसंग सांगितला आणि अस्पृश्योद्धाराच्या ठरावाला त्याचाच आधार दिला. रानड्यांचा पिंड मवाळ. क्रमविकासावर त्यांची श्रद्धा. तरीही या प्रसंगी त्यांनी धीराचा उपदेश अस्पृश्यांना केला नाही, हे लक्षणीय आहे. त्यांनी आपल्या वर्गाला अस्वस्थ केले. मवाळपणाचे जे उत्तम रूप असू शकते ते हेच.

गोखल्यांच्या पुढील कार्यातही हा विवेक दिसतो. मुदतबंदीने मजूर परदेशी पाठवण्याची पद्धत समूळ बंद करावी, असा ठराव त्यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. १९१५ साली गोखले निवर्तले. १९१६ साली मदनमोहन मालवीयांनी तोच विषय पुन्हा मांडला, तेव्हा सरकारने तो तत्त्वतः मान्य केला; आणि फिजीतील शेवटचे करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द झाले. मांडणाऱ्याच्या हयातीत ठराव हरला, पण मागणी हरली नाही. सुधारकाने धरायचा धीर म्हणतात तो हा : यश लांबले म्हणून मागणीत काटछाट न करणे.

५

या मुदतबंद मजुरीच्या आणि सतनाम्यांच्या इतिहासाची गाठ एका मराठी माणसाने घातली आहे. श्रीधर बळवंत जोधपूरकर हे ग्वाल्हेर संस्थानातील महाराष्ट्रीय ब्राह्मण. मजूरभरती करणारे दलाल ब्राह्मणाला सहसा घेत नसत, म्हणून त्यांनी ‘रामचंद्र’ हे नाव धारण केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते फिजीला गेले. १८७९ ते १९१६ या काळात ६०,००० हून अधिक हिंदी स्त्रीपुरुष त्या बेटांवरील उसाच्या मळ्यांत नेण्यात आले. तेथे ब्राह्मण, कुर्मी, मुसलमान, अस्पृश्य अशा सर्वांना मळेवाल्यांच्या लेखी एकच नाव होते : ‘कुली’. ज्याच्या पूर्वजांनी शतकानुशतके इतरांना हीन नावांनी संबोधले, त्या ब्राह्मणाला तेथे सर्वांच्या बरोबरीने एक हीन नाव ऐकावे लागले.

सुमारे बारा वर्षांनी परतल्यावर ते अवधात बाबा रामचंद्र या नावाने प्रसिद्धीस आले. १९२० साली त्यांनी प्रतापगढच्या किसानांना संघटित केले. जमीनदाराला झुकून ‘सलाम’ करण्याऐवजी परस्परांना ‘सीताराम’ म्हणण्याची प्रथा त्यांनी रूढ केली. बोलण्यातला एक शब्द बदलला की पाठीचा बाक कमी होतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते छत्तीसगढात आले आणि सतनामी महासभेच्या कार्यात सामील झाले. सरकारी दप्तरात आपल्या लोकांची नोंद जुन्या अवमानकारक नावाने न होता ‘सतनामी’ म्हणून व्हावी, ही या महासभेची एक प्रमुख मागणी होती. मध्य प्रांत सरकारने ती १९२६ साली मान्य केली.

दप्तरातील नोंद बदलली म्हणून विहिरीवरची वागणूक बदलली नाही, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. परंतु त्या नोंदीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. घासीदासांच्या उपदेशापासून ही नोंद होईपर्यंत सुमारे शंभर वर्षे गेली. या शंभर वर्षांत सतनाम्यांनी धीर धरला असे म्हणायचे, तर तो स्वस्थ बसण्याचा धीर नव्हता. त्यांनी पंथ उभारला, गुरूचा खून पचवला, महासभा स्थापली, अर्ज लिहिले आणि अखेर राज्यकर्त्याच्या लेखणीतून आपले नाव आपल्या हाताने लिहवून घेतले.

६

याच काळात राजीमचे पंडित सुंदरलाल शर्मा सवर्णांच्या बाजूने पुढे आले. छत्तीसगढी भाषेत ‘दानलीला’ लिहिणारा हा कवी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झटला आणि सतनाम्यांना त्याने जानवी दिली. ज्या सूत्रासाठी बालकदासांना प्राण गमवावे लागले, तेच सूत्र साठ वर्षांनी एका ब्राह्मणाच्या हातून मिळाले. ही प्रगती खरी. तिचा वेगही तितकाच बोलका. गांधींची हरिजनयात्रा नोव्हेंबर १९३३ मध्ये वर्ध्याहून निघाली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस ते दुर्गला आले. या कार्यात गांधींनी शर्मांना आपल्याहून वडील मानले, असे छत्तीसगढात आवर्जून सांगितले जाते.

शर्मांचा आणि गांधींचा मार्ग सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाचा होता. त्या मार्गातील निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यात वेळापत्रक सवर्णांच्या हाती राहते, ही उणीव बाबासाहेबांनी अचूक दाखवली. ती केवळ तर्काने दाखवली नाही. तिच्यामागे महाडचा अनुभव होता. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यावर मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे! नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू होऊन चार वर्षे चालला. दार उघडले नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मत्यागाची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर केले. घोषणा आणि कृती यांच्यामध्ये एकवीस वर्षे आहेत.

ज्या पुरुषाला त्याचे विरोधक उतावळा म्हणत, त्याने एका निश्चयाला एकवीस वर्षे दिली. या काळात त्याने धर्मग्रंथ अभ्यासले, राज्यघटना घडवली, आणि आपल्या लोकांची मने तयार केली. धीर या शब्दाला मराठीत याहून मोठे उदाहरण नाही. पण त्याच पुरुषाने दुसऱ्याने सांगितलेला धीर एक दिवसही मानला नाही. या दोन गोष्टींत विरोध दिसत असेल, तर तो शब्दाच्या एकपणामुळे दिसतो.

७

१९५५ हे वर्ष छत्तीसगढच्या इतिहासात तीन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. २ फेब्रुवारीस सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि कारखान्यासाठी भिलाईची जागा ठरली. १ जूनपासून अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम अमलात आला. आणि त्याच वर्षी मिनीमाता पोटनिवडणुकीने लोकसभेत गेल्या. सतनामी गुरू अगमदास यांच्या त्या पत्नी. दुष्काळात छत्तीसगढ सोडून आसामच्या चहाच्या मळ्यांत गेलेल्या सतनामी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. म्हणजे फिजीत ऐकू येणारी ‘कुली’ ही हाक त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही आसामात ऐकली असणार. ११ ऑगस्ट १९७२ रोजी दिल्लीजवळच्या विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत त्या सतत लोकसभेच्या सदस्य होत्या. हसदेव नदीवरील बांगो धरणाला आज त्यांचे नाव आहे.

कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. नव्या भारताच्या या तीर्थक्षेत्रात जात वितळून जाईल, अशी आशा त्या पिढीला वाटत होती. ती आशा किती फळली, याचा शोध इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जॉनाथन पॅरी यांनी अनेक वर्षे भिलाईत राहून घेतला. १९९९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक निबंध तर सतनामी आणि पोलाद कारखाना यांवरच आहे. राखीव जागांचे त्यांनी स्वागत केले; मात्र हातचे राखून. त्यांच्या लेखनातून जे चित्र उभे राहते ते असे : भट्टीपुढे एकत्र राबणाऱ्यांत अंतर झिजत गेले, एकत्र जेवणखाण होऊ लागले, मात्र वस्तीत परतल्यावर सतनामी आणि इतर यांच्यामधील रेषा त्या मानाने टिकून राहिली. त्यातच परप्रांतीयांच्या तोंडी ‘छत्तीसगढिया’ हा शब्द आळशी व अडाणी या अर्थाने येऊ लागला. कालपर्यंत सतनाम्याला हीन लेखणारा गावचा शेतकरी आपल्याच भूमीत स्वतः हीन लेखला गेला. अपमानाची ही उतरंड फिजीतील मळ्याहून फार निराळी नाही. कोहका व त्यासारख्या वस्त्यांचा सामाजिक इतिहास लिहिताना पोलादाच्या टनांबरोबर या दोन्ही रेषांचीही नोंद घ्यावी लागेल.

तेव्हा प्रगती झाली, हे नाकारणे सत्याला धरून होणार नाही. ती पुरेशी झाली असे म्हणणे त्याहूनही खोटे ठरेल. १९५५ च्या कायद्याला १९७६ साली नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव व कठोरपणा द्यावा लागला. आणि तोही अपुरा पडल्यामुळे १९८९ साली अत्याचार प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२४ मध्ये गिरौदपुरीच्या परिसरातील जैतखांबाची मोडतोड झाली. तपासाविषयी समाधान न झालेल्या समाजाने निदर्शने केली, आणि १० जून २०२४ रोजी बलौदाबाजारच्या जिल्हाधिकारी कचेरीत जाळपोळ झाली. जाळपोळीचे समर्थन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. पण तिचा निषेध करताना, दोनशे वर्षे उभ्या असलेल्या एका खुणेवर अजूनही हात पडतो, या गोष्टीचा विसर ज्याला पडतो, त्याने सांगितलेला धीर ऐकला जाणार नाही. आणि ऐकला गेला नाही याचे आश्चर्यही त्याने मानू नये.

८

या इतिहासाचा साहित्यविचाराशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे, कारण अपमानाचे पहिले आणि शेवटचे आश्रयस्थान भाषा हेच असते. मराठीतील ‘हबशी’ हा शब्द पाहावा. मूळ अर्थाने तो अबिसीनियाचा रहिवासी. दख्खनच्या जमीनमहसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर हबशी होता. त्याची महसूलपद्धती आपल्या इतिहासकारांनी गौरवली आहे. तरीही बोलीत हा शब्द काळ्या, धिप्पाड माणसाच्या उपहासासाठी उरला. माणसाची कर्तबगारी इतिहासग्रंथात राहिली आणि त्याच्या लोकांचे नाव शिवीत जमा झाले.

‘निग्रो’ या शब्दाचे तसेच आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी तेथील काळ्या लेखकांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली, ती ओकलंड येथे १९६६ साली निघालेल्या ‘ब्लॅक पँथर’च्या नावाचा प्रतिध्वनी घेऊन. जनार्दन वाघमाऱ्यांनी १९७८ साली त्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘निग्रो’ हाच शब्द होता आणि त्या काळी तो आदराने वापरला होता. आज ते लोक स्वतःला या नावाने ओळखत नाहीत. जुन्या ग्रंथातील शब्द काळाच्या संदर्भात वाचावा. नव्या अनुवादात मात्र ज्याचे नाव त्याने ठरवावे, ही शिस्त अनुवादकाने पाळावी. १९२६ साली सतनाम्यांनी सरकारकडे हीच शिस्त मागितली होती. ‘हरिजन’ हा शब्द प्रेमाने दिलेला असूनही टिकला नाही आणि ‘दलित’ हा स्वतः निवडलेला शब्द वाङ्‌मयात रुजला, याचेही कारण तेच आहे.

मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली भारतात आले होते. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी अस्पृश्य मुलांना त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य अशी करून दिली. प्रथम किंग दुखावले. मग आपल्या देशबांधवांची स्थिती आठवून ते वर्णन त्यांनी पत्करले. हा प्रसंग त्यांनीच १९६५ साली आपल्या प्रवचनात सांगितला आहे. रानड्यांनी आफ्रिकेच्या आरशात भारत पाहिला; किंग यांनी भारताच्या आरशात अमेरिका पाहिली. याच किंग यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून गोऱ्या धर्मोपदेशकांना लिहिलेल्या पत्रात, दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचा मुहूर्त आपण ठरवू पाहणाऱ्या सौम्य वृत्तीच्या माणसांविषयी खोल निराशा व्यक्त केली. अहिंसेवर इतकी निष्ठा असलेल्या पुरुषाला हे लिहावे लागले, यावरून अहिंसा आणि थांबून राहणे या भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट व्हावे.

सामाजिक प्रगती मंद असते, या विधानाचा इतिहासाशी विरोध नाही. छत्तीसगढचा इतिहास तर पानोपानी तेच सांगतो. पण ती मंद का असते, याचे उत्तर निसर्गनियमात शोधू नये. बोल्यांचा ठराव आणि महाडचा निकाल यांच्यामधील चौदा वर्षे कोणाच्या तरी हट्टाने लागली. बालकदासांचे जानवे आणि शर्मांनी दिलेले जानवे यांच्यामधील साठ वर्षेही कोणाच्या तरी हट्टानेच लागली. हा हट्ट ज्यांचा होता, त्यांच्या वारसांना धीराचा उपदेश करण्याचा अधिकार पोहोचत नाही. त्यांच्या वाट्याला निराळा धीर येतो : आपल्या भाषेतील, आपल्या घरातील, आपल्या पंगतीतील जुना दोष कोणी दाखवला तर न चिडता ऐकून घेण्याचा, आणि तो एका दिवसात जात नाही म्हणून कंटाळून सोडून न देण्याचा. रानड्यांनी आपल्या श्रोत्यांकडून मागितला होता तो हाच धीर. तो अजून पुरता दिला गेलेला नाही.